फी शून्य, कर्ज पंधरा लाख: लेकीला जर्मनीला पाठवतानाची फाईल

“फी शून्य आहे म्हणताय, मग कर्ज कशाला पाहिजे?”

बँकेतल्या साहेबांनी हे विचारलं आणि माझी फाईल माझ्याकडंच सरकवली. मी स्वतः चोवीस वर्षं एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात बसते. दुसऱ्यांच्या फायलीतल्या त्रुटी काढण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. टेबलाच्या अलीकडं बसल्यावर काय वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

आमची तनू २०२५ च्या ऑक्टोबरात माग्डेबुर्गच्या विद्यापीठात मेकॅनिकलच्या मास्टर्सला गेली. ह्यांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं जॉबवर्क, माझा पतसंस्थेचा पगार, मंगळवार पेठेत सासऱ्यांच्या वेळचं घर. म्हणजे आम्ही काही पैशात लोळणारे नव्हे. ती गेल्यापासून मंडईत, बसस्टॉपवर, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न येतो, “वहिनी, किती लागले?” आकडा सांगितला की लोक पुढचं ऐकतच नाहीत. खरं तर आकड्यानं आम्हाला तेवढं दमवलं नाही. दमवलं ते तो आकडा कागदावर, योग्य नावानं, योग्य तारखेला दाखवण्यानं. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

आधी आकडा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. सहा महिन्याला सेमिस्टर वर्गणी असते, ती ठिकाणाप्रमाणं शंभरापासून साडेतीनशे युरोपर्यंत. त्यातही अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागं ४,००० ते ६,००० युरो लावलेत. तेव्हा “जर्मनीत फुकट असतं” हे वाक्य अर्धंच खरं. राज्य आणि विद्यापीठ बघूनच बोलायचं.

खरा पैसा लागतो राहण्याखाण्याला, आणि तो तिकडचं सरकार आधीच मागून घेतं. ह्याला ब्लॉक अकाउंट म्हणतात. मुलाच्या नावानं खातं उघडायचं, वर्षाचा खर्च एकरकमी भरायचा, आणि तिकडं गेल्यावर त्यातून दरमहा ठरावीक रक्कम सुटते. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. आम्ही भरले तेव्हा युरो नव्व्याण्णवच्या आसपास होता. पावणेबारा लाखाच्या वर एका दमात गेले. शिवाय इंग्रजीची आयईएल्ट्स परीक्षा, एपीएस (कागदपत्रं तपासल्याचा दाखला), अर्ज, व्हिसा, तिकीट, कपडे, विमा आणि पहिल्या महिन्याची हातखर्ची. ही किरकोळ वाटणारी यादी आमची अडीच लाखापर्यंत गेली. दुसऱ्या वर्षाचं राहणं वेगळंच. दोन वर्षांचा हिशोब मी वहीत मांडला तो सव्वीस लाखाचा. मुलं तिकडं काम करतात, ते खरं आहे. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे. पण पहिल्या सहा महिन्यांच्या हिशोबात ती कमाई एक रुपयाही धरू नका. भाषा येत नाही, गाव माहीत नाही, आणि परीक्षा डोक्यावर असतात.

आता उलट्या बाजूनं कॅलेंडर धरा. ऑक्टोबरला सत्र सुरू व्हायचं तर जून-जुलैत व्हिसाचा अर्ज, त्याआधी ब्लॉक अकाउंट, त्याआधी कर्जमंजुरी, त्याआधी प्रवेशपत्र. अर्जाची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, पण परदेशी मुलांसाठी पुष्कळ विद्यापीठं मार्च-एप्रिललाच दार लावतात. अर्जाला एपीएसचा दाखला लागतो. तो हातात यायला आठवडे जातात. म्हणजे मागं मोजत गेलं की आदल्या वर्षीचा जून येतो. आम्ही जून २०२४ ला सुरुवात केली, तरी शेवटी धावपळ झालीच.

त्या जूनमध्ये आम्ही पहिली चूक पकडली, ती नशिबानं. तनूचा पासपोर्ट पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातून काढलेला, तो ठीक होता. पण तिच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक ‘ए’ जादा. बारावीला तो नाही, इंजिनिअरिंगला परत आहे. आपल्याकडं मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडलांचं, आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम निराळा. आपल्याला ते एकच माणूस दिसतं, परदेशातल्या कारकुनाला दोन दिसतात. मी स्वतः कारकून आहे, मला त्याचा राग येत नाही. पासपोर्ट, आधार, दहावी, बारावी, सगळ्या सेमिस्टरची मार्कशीटं, पॅन आणि बँकेचं पासबुक एका सतरंजीवर मांडा आणि एकेक अक्षर बोटानं वाचा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं तपासायचं. बोर्डाकडून दुरुस्ती करून घ्यायला वेळ लागतो, प्रतिज्ञापत्रावर सगळीकडं भागत नाही.

एपीएस म्हणजे काय, हे कुणी नीट सांगत नाही. जर्मन दूतावासाच्या व्यवस्थेतलं दिल्लीचं एक कार्यालय आहे, ते आपल्या मुलांची शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत का ते तपासून दाखला देतं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना तो सक्तीचा झाला. फी अठरा हजार रुपये. कागदपत्रं कुरिअरनं जातात. एक मार्कशीट कमी पडलं की फाईल तिथंच थांबते. तनूच्या मैत्रिणीनं शेवटच्या सेमिस्टरचा निकाल जोडला नव्हता. तिचं एक सत्र त्यात गेलं.

मार्कांचं गणितही इथंच सांगते. जर्मनीत १ म्हणजे सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्यात बसवायला ते एक सूत्र वापरतात. जास्तीत जास्त गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि पास व्हायला लागणाऱ्या गुणांच्या फरकानं भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. तनूचे दहापैकी ८.१. पासची रेघ ४ धरली तर उत्तर येतं १.९५. तीच रेघ ५ धरली तर २.१४. मुलगी तीच, गुण तेच, पण पहिली दोनच्या आत आणि दुसरी बाहेर! ‘२.० च्या आत हवे’ अशी अट असलेल्या ठिकाणी एवढ्यावर अर्ज पडतो. तेव्हा पास व्हायला किमान किती लागतात, हे कॉलेजकडून किंवा शिवाजी विद्यापीठाकडून शिक्क्यासह लेखी घ्या. आम्ही त्यासाठी दोनदा हेलपाटा मारला.

कन्सल्टन्सीबद्दल थोडं. राजारामपुरीत दर दुसऱ्या जिन्यावर पाटी दिसते. आम्ही एकाकडं गेलो. चहा चांगला, बोलणं गोड, आणि “आमची फी काहीच नाही”. चोवीस वर्षांच्या नोकरीत मला एक गोष्ट कळली आहे, की फुकट काम करणाऱ्याला पगार दुसऱ्या कुणाकडून तरी मिळत असतो. त्यानं दिलेल्या सहा नावांत सहाही विद्यापीठं खासगी निघाली, वर्षाला दहा-बारा हजार युरो फीची. ‘डाड’ ही जर्मन विद्यापीठांचीच संस्था, तिच्या संकेतस्थळावर प्रत्येक कोर्सची फी, भाषा आणि शेवटची तारीख उघड दिलेली असते. तनूनं तिथून चौदा कोर्स काढले, त्यातले पाच ठेवले. बरीच विद्यापीठं ‘युनि-असिस्ट’मार्फत अर्ज घेतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०. पाच अर्जांचे १९५ युरो झाले. पाचातून दोन होकार आले.

आता माझ्या प्रांतात येते. कर्ज.

शैक्षणिक कर्जाची सरकारी बँकांची साधारण चौकट अशी: चार लाखापर्यंत तारण नाही, चार ते साडेसात लाखापर्यंत बाहेरचा जामीनदार, साडेसात लाखाच्या वर मालमत्तेचं तारण. परदेशी शिक्षणाला खर्चाचा १५ टक्के वाटा आपला, त्याला मार्जिन म्हणतात. कोर्स संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत मुदत. अर्जाला ‘विद्यालक्ष्मी’ पोर्टल आहे, एका अर्जात तीन बँका निवडता येतात. पण नावात फसू नका. ‘पीएम विद्यालक्ष्मी’ ही २०२४ सालची योजना वेगळी आहे, ती भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दोन महिने त्याच पानावर परदेशी विद्यापीठाचं नाव शोधत बसले होते. तसंच ‘पढो परदेश’ ही व्याज सवलतीची योजना २०२२ मध्येच बंद झाली, तरी जुन्या व्हिडिओतून ती अजून फिरते.

साहेबांच्या त्या प्रश्नाकडं परत येते. त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्या नमुन्यात पहिला रकाना शिकवणी फीचा, आणि बँक ती थेट विद्यापीठाला पाठवते. आमच्या रकान्यात शून्य. त्यांना वाटलं, एवढी रक्कम ही बाई घर बांधायला मागते की काय! मी दुसऱ्या दिवशी तीन कागद घेऊन गेले. प्रवेशपत्र, ब्लॉक अकाउंटची रक्कम लिहिलेलं दूतावासाचं पान, आणि माझ्या हातचा दोन वर्षांचा खर्चाचा तक्ता, त्यात राहणं, विमा, प्रवास, लॅपटॉप, सगळं वेगवेगळ्या ओळीत. राहण्याचा खर्च शैक्षणिक कर्जात बसतो, फक्त तो कागदानं पटवावा लागतो. पंधरा लाख मंजूर झाले. पहिल्या वर्षी दहा उचलले.

मंजुरीच्या आधी दोन ठिकाणी आमची गाडी रुतली.

एक, ह्यांचं विवरणपत्र. बँक सहकर्जदाराची मागच्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं बघते. ह्यांचं उत्पन्न वर्षाला तीन लाखाच्या आसपास दाखवलेलं. लेथ दोन पाळ्यांत चालतं, घरी सगळ्यांना माहीत, पण निम्मं काम रोखीचं आणि कागदावर नाही. मी वर्षानुवर्षं सांगत होते, “अहो, सगळं दाखवा, पुढं लागेल.” ह्यांचं उत्तर ठरलेलं, “लागेल तेव्हा बघू.” लागलं तेव्हा बघायला तीन वर्षं मागं जाता येत नाही. शेवटी माझा पगार मुख्य धरून प्रस्ताव बसवला. तुमची मुलं आत्ता अकरावीत असतील, तर विवरणपत्र नीट भरायचं वर्ष हेच.

दोन, घर. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, तरी प्रॉपर्टी कार्डावर नाव त्यांचंच. वारस नोंद राहून गेलेली. ह्यांच्या दोन बहिणी, एक इचलकरंजीला, एक मिरजेला. दोघींचाही हक्क. त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाल्याशिवाय तारण होत नाही. धाकट्या वन्संनी लगेच होय म्हटलं. थोरल्या वन्संनी जेवण झाल्यावर, हात पुसत, सरळ विचारलं, “आणि पोरीनं कर्ज फेडलं नाही तर घराचं काय?”

असा प्रश्न विचारणारं माणूस प्रत्येक घरात एक तरी असावं. मी खरं ते सांगितलं. हप्ते थकले तर बँक घर विकू शकते. म्हणून कर्ज पंधराच घेतो, वीस मिळत असले तरी. पोरीला नोकरी लागली नाही तरी माझ्या आणि ह्यांच्या कमाईतून किती हप्ता निघेल, तेवढंच. त्यांनी तो हिशोब वहीत बघितला आणि मगच सही केली. नगर भूमापन कार्यालयात नोंद होऊन नवं कार्ड हातात यायला चार महिने गेले. त्यानंतर बँकेच्या वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, गहाणखत, आणि दुय्यम निबंधकाकडं त्याची सूचना. ह्या सगळ्याचा खर्च आपलाच. शेतीचा सात-बारा बहुतेक बँका तारणाला घेत नाहीत, बिगरशेती (एनए) प्लॉट किंवा घरच लागतं. गुंठेवारीतलं घर असेल तर आधी विचारून घ्या.

तारण न मागणाऱ्या खासगी वित्त कंपन्या आहेत. काम आठ दिवसांत होतं, माणूस घरी येतो. व्याज मात्र सरकारी बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जादा आणि प्रक्रिया शुल्क वेगळं. वेळ नसेल तर त्या वाटेनं जावं लागतं, त्यात लाज नाही. पण त्यांचा माणूस जाताना “साडेअकरा टक्के म्हणजे फार नाही” म्हणेल तेव्हा खालचं गणित त्याच्यासमोर करून बघा.

दहा लाख, दहा टक्के. शिकायची दोन वर्षं आणि सवलतीचं एक वर्ष, तीन वर्षांचं सरळ व्याज तीन लाख. ते भरलं नाही तर मुद्दल तेरा लाख होतं, आणि दहा वर्षांच्या मुदतीनं हप्ता पडतो १७,१८० रुपये. तेच व्याज दरमहा साधारण ८,३०० रुपये भरत राहिलं, तर तीन वर्षांनी हप्ता १३,२१५. सगळं मिळून पावणेदोन लाख वाचतात. शिवाय शिकतानाच व्याज भरलं तर काही बँका एक टक्का सवलत देतात, मुलींना काही ठिकाणी अर्धा टक्का वेगळी. दोन्ही आपणहून मागायच्या, खिडकीवरचा माणूस विसरतो. ह्या व्याजावर १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ८०ई कलमाखाली आठ वर्षं वजावट मिळते, रकमेला मर्यादा नाही. मात्र जुन्या करपद्धतीतच, आणि कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचं असलं तरच. आमच्यासारख्या पतसंस्थेकडून घेतलेल्या कर्जाला ती नाही. माझ्याच संस्थेविरुद्ध लिहिते आहे, पण खरं आहे.

शिष्यवृत्तीचं काय, असं विचाराल. कोल्हापूरच्या माणसानं ते विचारलंच पाहिजे. ज्या गावच्या राजानं १९०१ साली इथं वसतिगृहं उभारायला सुरुवात केली, त्यांच्या नावाची राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी, फी आणि निर्वाहखर्चासह. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची आहे, सयाजीराव गायकवाडांच्या नावाची. सारथीचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे, तिथं जाऊन विचारता येतं. ओबीसी, भटक्या जमाती आणि खुल्या वर्गातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठीही वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. जागा थोड्या, उत्पन्नाची अट, आणि विद्यापीठ जागतिक क्यूएस क्रमवारीत वरचं लागतं. तनूचं माग्डेबुर्ग पहिल्या दोनशेत नाही, त्यामुळं आमचा प्रश्नच मिटला. म्हणून विद्यापीठं निवडायच्या आधी योजनेची अट वाचा. आम्ही नंतर वाचली. जाहिरात निघाली की मुदत थोडी असते, तेव्हा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास आधीच काढून ठेवा.

जे. एन. टाटा एंडोमेंट हे १८९२ पासूनचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, परत करायची असते. तिकडं गेल्यावर ‘डॉइचलांडस्टिपेंडियम’ म्हणून महिन्याला ३०० युरोची शिष्यवृत्ती असते. अर्ज विद्यापीठात करायचा, आणि पहिल्या सत्राचे गुण चांगले असतील तर आशा. तनूनं केलाय.

जाता जाता एक. डॉ. आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्या करारात परत येऊन दहा वर्षं संस्थानची चाकरी करायची अट होती. १९२० मध्ये ते लंडनला अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला परत निघाले. तेव्हाचा पैसा कुठून आला, तर प्राध्यापकीतून साठवलेली शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज, आणि आपल्या शाहू महाराजांची मदत. शंभर वर्षांनी माझ्या वहीत रकाने तेच तीन निघाले, शिल्लक, कर्ज आणि मदत. आमच्या मदतीच्या रकान्यात माझ्या भावाचे दोन लाख आहेत, बिनव्याजी, पण तारीख घालून लिहून दिलेले. शिष्यवृत्तीला आजही कसली अट असते ते सहीआधी बघा, परत येण्याची किंवा ठरावीक वेळेत पास होण्याची.

शिल्लक माझ्या पतसंस्थेत ठेवीत होती. परदेशी पैसे पाठवायचा परवाना पतसंस्थेला नसतो, म्हणून ती मोडून बँकेत आणली. थोडी रक्कम कमी पडत होती, तेव्हा माझा कोल्हापुरी साज आणि पाटल्या बँकेत तारण ठेवल्या. विकल्या नाहीत. तीन महिन्यांत सोडवून आणल्या. लोक म्हणतात सोनं मोडायचं असतं अशा वेळी. थोड्या महिन्यांची अडचण असेल तर मोडू नये, एवढंच माझं मत.

पैसे पाठवताना टीसीएसचा, म्हणजे बँक पाठवतानाच कापून घेते त्या कराचा, घोळ होतो, तो समजून घ्या. एप्रिल २०२५ पासूनचा नियम असा, की मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून थेट गेलेल्या रकमेवर हा कर नाही. स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवले, तर आर्थिक वर्षात दहा लाखाच्या वरच्या भागावर पाच टक्के लागत होता. मोजणी ज्याच्या खात्यातून जातात त्याच्या पॅनवर. आमचे दहा लाख बँकेनं थेट पाठवले, उरलेले पावणेदोन माझ्या खात्यातून गेले, कर शून्य. ह्यांच्या मित्रानं मुलाचे सगळे आपल्या खात्यातून पाठवले, त्याचे नऊ हजार कापले. बुडत नाहीत, विवरणपत्रात परत मागता येतात, पण गरजेच्या महिन्यात अडकतात. अर्थसंकल्पागणिक दर हलतात, तेव्हा पाठवायच्या आठवड्यात बँकेला विचारूनच पाठवा. आणि शाखेत परदेशी व्यवहाराचा माणूस कोण आहे ते आधी शोधा. आमच्या शाखेत तो फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी असायचा.

व्हिसाला आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला गेलो. फी ७५ युरो. तिथं प्रश्न फार विचारले नाहीत, कागद मात्र यादीच्या क्रमानं लागतात. तनूनं ‘हाच कोर्स का’ ह्यावर एक पान स्वतः लिहिलं होतं. नेटवरून उचललेलं पत्र ओळखू येतं. जुलै २०२५ पासून जर्मनीनं व्हिसा नाकारल्यावर फेरविचाराची विनामूल्य सोय बंद केली आहे. आता नाकारलं तर नवा अर्ज किंवा कोर्ट. म्हणजे पहिल्याच फेरीत फाईल बिनचूक पाहिजे.

दुसऱ्या देशांचं मी हातानं केलेलं नाही, दोनच गोष्टी सांगते. इंग्लंडला पैसे खात्यात सलग २८ दिवस पडून असावे लागतात, एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी अर्ज जातो. आणि विद्यार्थ्याला दर वर्षाचे ७७६ पौंड आरोग्य अधिभार म्हणून आधीच भरावे लागतात. ते फीच्या जाहिरातीत दिसत नाहीत.

पहिल्या महिन्याची हातखर्ची वेगळी द्या. ब्लॉक अकाउंट विमानतळावर उघडत नाही. तिकडं आधी खोली, मग नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी, मग बँक खातं, मग ९९२ चा पहिला हप्ता. खोलीचं डिपॉझिट कायद्यानं तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येतं. आम्ही फॉरेक्स कार्डवर १,५०० युरो दिले होते, पहिल्या पाच आठवड्यांत १,३८० गेले. विद्यार्थी वसतिगृहाला अर्ज प्रवेशपत्र आलं त्याच रात्री करायचा, रांग मोठी असते. आणि तिकडं प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीची वर्गणी असते, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. तनूला त्याचं पत्र आलं तेव्हा तिला वाटलं कुणीतरी फसवतंय. एका घरात तिघी राहत असतील तर एकीनंच भरायची.

बॅगेचं शेवटचं. दूध, तूप, पेढे, मटणाचं लोणचं, ह्यातलं काही युरोपात नेता येत नाही, बाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आमच्या वन्संनी इचलकरंजीहून तुपाची बरणी पाठवली होती, ती घरीच राहिली. कांदा-लसूण चटणी मात्र जाते. तेल न घालता कोरडी करायची, दोन पिशव्यांत घट्ट बांधायची, आणि वर इंग्रजीत नाव लिहायचं. बॅग आम्ही गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलली, तेवीस किलोची मर्यादा आणि भरली सव्वीस. ह्यांनी चटणीची पिशवी बाहेर काढली. तनूनं ती परत आत ठेवली आणि थर्मोडायनॅमिक्सचं जाड पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. ते अजून टीव्हीवर आहे.